बदललेल्या सांध्यातून पाणी येतंय? दुकानातून गोळी आणण्याआधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातून एका कार्यकर्त्याचा फोन आला. "ताई, आमच्या वस्तीतल्या एका पोराचा खुबा बदललाय. ऑपरेशन होऊन साडेतीन महिने झाले. जखमेतून पाणी येतंय. गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. पैसे गोळा करायचे आहेत, काहीतरी करा."

मुलगा २७ वर्षांचा. सिकलसेलचा एसएस रुग्ण. दुखण्याची सवय लहानपणापासून. ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी टाक्यांच्या टोकाला एक ओला डाग दिसला होता. घरच्यांनी तो पुसला. चार दिवसांनी पुन्हा दिसला. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या आणि पाणी थांबलं. पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू झालं, पुन्हा गोळ्या. मांडी ठणकायची तेव्हा सगळ्यांना वाटायचं, सिकलसेलचा क्रायसिस आला असेल. असं करत साडेतीन महिने गेले.

त्या कार्यकर्त्याने मनापासून धावपळ केली. वर्गणी जमवली, गाडी केली, रात्रभर रुग्णालयात बसला. पण ज्या दिवशी पहिला डाग दिसला, त्या दिवशी काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हा ते कळलं असतं तर त्या मुलाचा सांधा कदाचित वाचला असता. हा लेख त्यासाठी आहे. आपल्यातले अनेक तरुण रुग्णांसोबत जातात, रक्त देतात, योजनेचे कागद भरतात. त्यांना हा आजार आणि त्याचे उपचार नीट समजले पाहिजेत.

हा प्रश्न आपल्या वस्तीत का आहे?

खुबा किंवा गुडघा बदलणं हे म्हाताऱ्या, पैसेवाल्या लोकांचं ऑपरेशन आहे, असा एक समज आहे. गुडघ्याच्या बाबतीत वयाचा मुद्दा बराचसा खरा आहे. खुब्याचं चित्र मात्र आपल्याकडे वेगळं दिसतं.

मध्य भारतात सिकलसेल आहे हे १९५० च्या दशकातच नागपूरच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. आदिवासी समाजांप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही त्याचं प्रमाण मोठं आहे. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक असतात. त्या तुंबल्या की गोळ्याचं हाड मरतं आणि खचतं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. त्यामुळे पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींना खुबा बदलण्याची वेळ येते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणं आणि जास्त दारू पिणं ही एव्हीएनची आणखी दोन मोठी कारणं.

सिकलसेलच्या रुग्णांत जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. प्लीहा हा अवयव रक्तातले काही जंतू गाळून काढतो. या रुग्णांत तो लहानपणीच निकामी होत जातो. दुसरी अडचण अशी की ठणका आणि ताप ही क्रायसिसची लक्षणं आहेत आणि सांध्यातल्या संसर्गाचीही. म्हणून संसर्ग ओळखायला उशीर होतो. आमच्या त्या मुलाचं नेमकं हेच झालं.

कृत्रिम सांध्यात जंतू का ठाण मांडतात?

खुबा किंवा गुडघा पहिल्यांदा बदलल्यावर शंभरातल्या साधारण एक ते दोन जणांना संसर्ग होतो. बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागला तर हे प्रमाण वाढतं. मधुमेह ताब्यात नसणं, लठ्ठपणा, कुपोषण, रक्तक्षय, संधिवातावरची काही औषधं, तंबाखू आणि बिडी-सिगारेट यांनीही धोका वाढतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. संसर्ग झाला म्हणजे डॉक्टरने हलगर्जी केलीच, असं नसतं. सगळी काळजी घेऊनही काही जणांना तो होतो. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात आजच्या पद्धतीचं खुब्याचं ऑपरेशन रुजवलं, तेव्हा संसर्ग ही त्यांची सर्वांत मोठी डोकेदुखी होती. ऑपरेशनच्या जागी गाळलेली स्वच्छ हवा सोडणं, कपडे आणि हातमोजे यांची शिस्त पाळणं, अशा उपायांनी त्यांनी तो पुष्कळ कमी केला. शून्यावर मात्र आजवर कुणालाही आणता आलेला नाही.

धातू आणि प्लॅस्टिक ही निर्जीव वस्तू. तिच्यात रक्त फिरत नाही, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तिथे नीट पोहोचत नाहीत. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी माणसाच्या त्वचेवर प्रयोग केले. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी लाखोंच्या संख्येने जंतू सोडावे लागत. तिथे रेशमी टाक्याचा धागा असेल तर शंभरेक जंतूही पुरत. एका धाग्याने इतका फरक पडतो, तर आख्ख्या सांध्याने किती पडत असेल याची कल्पना करा.

जंतू धातूवर चिकटले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत शेवाळ धरतं ना, तसंच काहीसं. टाकीत औषध टाकलं तर पाणी स्वच्छ होतं, पण भिंतीवरचा थर घासल्याशिवाय निघत नाही. बायोफिल्ममधले जंतू सुस्त पडून राहतात, त्यामुळे वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधं त्यांच्यावर फारशी चालत नाहीत. गोळ्या चालू असताना पाणी थांबतं आणि गोळ्या बंद केल्या की पुन्हा येतं, याचं कारण हे आहे. गोळीने आजूबाजूचे मोकळे जंतू मरतात, थर तसाच राहतो. आणि जितके दिवस जातात, तितका तो पक्का होतो.

बहुतेक वेळा हे जंतू स्टॅफिलोकोकस या गटातले असतात. आपल्या त्वचेवर आणि नाकात ते एरवीही राहतात. काही जंतू ऑपरेशनच्या वेळी किंवा जखम भरण्याआधी आत जातात. काही मात्र अनेक वर्षांनी, पायाची चिघळलेली जखम, दातातला पू किंवा लघवीचा संसर्ग अशा ठिकाणाहून रक्तावाटे सांध्यात पोहोचतात. म्हणून दहा वर्षं सुरळीत चाललेला गुडघा एका रात्रीत सुजला, तर तेही तितकंच गंभीर समजायचं.

ओळखायचं कसं?

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस जखम थोडी ओली असू शकते. पण पुढीलपैकी काही दिसलं तर थांबू नये:

- जखमेतून आठवडाभरानंतरही पाणी, रक्तमिश्रित द्रव किंवा पू येणं, किंवा कोरडी झालेली जखम पुन्हा ओली होणं.
- सांध्याभोवती लाली, सूज आणि गरमपणा वाढत जाणं.
- दुखणं कमी होत आलेलं असताना पुन्हा वाढणं, विशेषतः रात्री पडल्या जागी ठणकणं.
- ताप. पण ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असं समजू नका. जुन्या, मंद संसर्गात ताप बहुधा नसतोच.
- सांध्याजवळ एखादं छिद्र पडून त्यातून अधूनमधून पू येणं. हे छिद्र सांध्यापर्यंत जात असेल तर संसर्ग नक्की आहे असं धरलं जातं.

डॉक्टर रक्तात सीआरपी आणि ईएसआर तपासतात. ऑपरेशननंतर सीआरपी वाढतोच. तो दोन-तीन दिवसांत सर्वांत वर जातो आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. उतरलेला सीआरपी पुन्हा चढला तर शंका घ्यायची. एक्स-रेमध्ये सांधा सैल झालेला दिसू शकतो, पण सुरुवातीच्या संसर्गात एक्स-रे अगदी चांगला दिसतो. "फोटो नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नये.

खरी तपासणी सांध्यातल्या पाण्याची. निर्जंतुक पद्धतीने सुईने ते काढतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात आणि कल्चरला लावतात, म्हणजे कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं ते कळतं. काही जंतू फार हळू वाढतात, म्हणून कल्चर चौदा दिवसांपर्यंत ठेवायला सांगतात. जखमेवरून कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना यासाठी भरवशाचा नसतो. त्यात त्वचेवरचे जंतू येतात आणि आतला गुन्हेगार सुटतो.

या सगळ्या तपासणीवर पाणी पडतं ते आधी घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे. औषध पोटात असेल तर कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत. मग नेमका जंतू कळत नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने उपचार करावे लागतात. म्हणून रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर नमुना घेण्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. थंडी वाजून ताप, धाप, गुंगी, बरळणं, लघवी कमी होणं यांतलं काही असेल तर संसर्ग रक्तात पसरल्याची शंका असते. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला तर तोही तातडीचाच. अशा वेळी वाट बघायची नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. तिथे रक्ताचं कल्चर घेऊन लगेच औषध सुरू करतात. सिकलसेलच्या रुग्णाला रोजची औषधं सुरू असतील तर तीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

पहिला मार्ग: सांधा ठेवून साफ करणं

ऑपरेशन होऊन साधारण महिनाभरच झाला असेल, किंवा उशिराच्या संसर्गात लक्षणं सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत असतील, आणि सांधा घट्ट बसलेला असेल, तर तो न काढता उपचार होऊ शकतात. डॉक्टर याला डेअर म्हणतात. जखम पुन्हा उघडून मेलेला भाग काढतात, भरपूर सलाईनने सांधा धुतात, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलतात. मांस आणि हाडाजवळचे पाच-सहा नमुने वेगवेगळे काढून कल्चरला पाठवतात. मग सुरुवातीला शिरेतून आणि पुढे गोळ्यांनी अँटिबायोटिक देतात.

हा सर्वांत हलका आणि कमी खर्चाचा मार्ग आहे, पण त्याची दारं लवकर बंद होतात. थर पक्का झाला की धुऊन उपयोग होत नाही. आमच्या त्या मुलाच्या हातात विसाव्या दिवशी ही संधी होती. गोळ्यांच्या तीन कोर्समध्ये ती निघून गेली.

दुसरा मार्ग: सांधा काढून नवीन बसवणं

संसर्ग जुना झाला असेल किंवा सांधा सैल झाला असेल, तर तो काढावाच लागतो. याच्या दोन पद्धती आहेत.

एका टप्प्यात: एकाच ऑपरेशनमध्ये जुना सांधा आणि सगळं सिमेंट काढून, जागा साफ करून नवा सांधा बसवतात. जर्मनीत हॅम्बुर्ग इथे बुखहोल्त्स यांनी हाडाच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळून ही पद्धत रुजवली. यासाठी जंतू आधी माहीत असणं, त्यावर चालणारं औषध उपलब्ध असणं आणि आजूबाजूचं मांस व हाड बऱ्या स्थितीत असणं महत्त्वाचं मानलं जातं.

दोन टप्प्यांत: पहिल्या ऑपरेशनमध्ये सांधा काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात. त्याला स्पेसर म्हणतात. त्यातून औषध थेट त्या जागी झिरपत राहतं आणि पायाची लांबीही टिकते. सोबत साधारण सहा आठवडे किंवा जास्त औषध चालतं. संसर्ग गेल्याची खात्री झाली की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नवा सांधा बसतो. जगभर ही पद्धत बराच काळ प्रमाण मानली गेली आहे.

२०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये खुब्याच्या संसर्गावरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका टप्प्यात उपचार झालेले रुग्ण सुरुवातीच्या महिन्यांत जास्त बरे होते आणि दीड वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखे होते. म्हणजे योग्य रुग्णाच्या बाबतीत एक टप्पा हा कमी दर्जाचा उपचार नाही. कोणती पद्धत घ्यायची हे सर्जनच ठरवतील, पण "एका टप्प्यात होऊ शकतं का, नसेल तर का नाही?" हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

दोन टप्प्यांच्या पद्धतीने संसर्ग जाण्याचं प्रमाण अनेक केंद्रांच्या अहवालांत ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. पण काही रुग्ण दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांना हिशोबात धरलं तर यश कमी दिसतं. न पोहोचण्याची कारणं वैद्यकीय असतात. पण माझ्या कामात मला दुसरी कारणंही दिसतात: पैसे संपले, घरात कमावणारं कुणी उरलं नाही, "आता थोडं चालता येतंय, पुढच्या वर्षी बघू" असं म्हणून माणूस घरी राहिला. स्पेसर हा कायमचा सांधा नाही. तो झिजतो, तुटतो, सरकतो. दोन टप्प्यांच्या मधल्या या काळात रुग्णाला समाजाची सर्वांत जास्त गरज असते आणि नेमकी तेव्हा गर्दी पांगलेली असते.

जेव्हा हेही जमत नाही

काही रुग्ण पुन्हा ऑपरेशन सोसू शकत नाहीत. त्यांना दीर्घकाळ कमी मात्रेत अँटिबायोटिक देऊन संसर्ग दाबून ठेवतात. यात संसर्ग बरा होत नाही, ताब्यात राहतो. काहींचा खुब्याचा सांधा काढून जागा तशीच ठेवतात. पाय आखूड होतो, काठी लागते, पण दुखणं आणि पू थांबू शकतो. गुडघ्याच्या बाबतीत हाडं एकमेकांना जोडून पाय सरळ ठेवला जातो. अगदी शेवटचा उपाय म्हणजे पाय कापणं. यातला कुठलाही मार्ग निवडताना रुग्णाला बसता येईल का, शौचाला जाता येईल का, कोणतं काम करता येईल, हे आधी स्पष्ट विचारलं पाहिजे.

औषध किती दिवस, आणि कोणतं?

"एवढ्या दिवस औषध कशाला?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. फ्रान्समधल्या ४१० रुग्णांच्या एका चाचणीत सहा आठवडे आणि बारा आठवडे औषध देऊन तुलना केली. २०२१ मध्ये निकाल आला. सहा आठवडेवाल्या गटात संसर्ग टिकून राहण्याचं प्रमाण १८ टक्के, तर बारा आठवडेवाल्या गटात ९ टक्के होतं. म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करायचा.

दुसरा प्रश्न सलाईनचा. अँटिबायोटिक शिरेतूनच दिलं तर लागू पडतं, असा आपला समज असतो. ब्रिटनमधल्या २६ केंद्रांवर १,०५४ रुग्णांत हाड आणि सांध्यांच्या संसर्गासाठी पहिल्या सहा आठवड्यांत शिरेतून आणि तोंडाने दिलेल्या औषधांची तुलना झाली. २०१९ मध्ये आलेल्या निकालात वर्षभरात उपचार फसण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. रोजमजुरी करणाऱ्याला याचा अर्थ फार मोठा आहे. जंतूला लागू पडणारी योग्य गोळी असेल, तर महिनाभर खाट अडवून पडायची गरज नसू शकते. पण ती गोळी कल्चर बघून निवडलेली हवी, मेडिकलवाल्याने दिलेली नव्हे.

स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात सांधा ठेवला असेल तर बऱ्याचदा रिफाम्पिसिन देतात. हे औषध आपल्याला टीबीमुळे माहीत आहे. ते बायोफिल्ममधल्या जंतूंवर चांगलं चालतं. लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. पण ते एकटं कधीच घ्यायचं नसतं. एकटं घेतलं तर जंतू फार लवकर त्याला दाद देईनासे होतात. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा परिणाम त्याने कमी होतो, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवायची. आपल्याकडे सांध्यात टीबीही सापडतो, त्यामुळे नमुन्यांची टीबीची तपासणी झाली का, हेही विचारावं.

पैसा, योजना आणि हक्क

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. त्याआधी दीड लाखाच्या पुढे असलेल्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरवली गेली. पण रुग्णाचं बिल फक्त सांध्याचं नसतं. खोली, भूल, औषधं, तपासण्या आणि बुडालेली मजुरी यांनी घर मोडतं. संसर्गात तर हे दोनदा, तीनदा होतं. त्यामुळे पुढच्या गोष्टी पहिल्याच दिवशी करा.

एक, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत संलग्न असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला सरळ विचारा: आमच्या रुग्णाच्या कोणत्या टप्प्याला मंजुरी मिळेल? सांधा काढणं, स्पेसर आणि नवा सांधा यांची वेगळी मंजुरी लागते का? उत्तर ऑपरेशनच्या आधी मिळवा. अडचण आली तर योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

दोन, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना भेटल्याशिवाय वर्गणीचा फलक लावू नका.

तीन, महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ही कायद्याने आलेली जबाबदारी आहे. नाकारलं तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाता येतं.

चार, उपचारांचे कागद मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. ऑपरेशनची नोंद, कल्चरचा अहवाल आणि सांध्याचं स्टिकर यांच्या प्रती घरात असल्याच पाहिजेत. पुन्हा सांधा बदलताना कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा आत आहे हे कळलं नाही तर सर्जनची अडचण होते.

पाच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे आणि चालण्यातल्या अपंगत्वाचाही. प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यात कमीपणा नाही.

आपण काय करू शकतो?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी बघत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतलं आणि खाटेवर निजवलं. मग त्यांनी संघाला विचारलं की याची सेवा कोण करतंय. बुद्धांनी त्याला घाणीतच ठेवून प्रवचन दिलं नाही, आधी पाणी आणायला सांगितलं. आपल्या विहारांनी हा प्रसंग कामाच्या पद्धतीसारखा वाचावा, असं मला वाटतं.

१४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबरला आपण आरोग्य शिबिरं घेतो. त्यात रक्तदाब आणि साखर तपासतो. त्यासोबत सिकलसेलची तपासणी ठेवा आणि खुबा दुखणाऱ्या सिकलसेलच्या मुलामुलींना वेळेत हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. विहारात एक वही ठेवा. रुग्णाच्या परवानगीने वस्तीतल्या सांधा बदललेल्या माणसांची नावं, ऑपरेशनची तारीख आणि रुग्णालय तिच्यात लिहा. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एकाने जाऊन फक्त चार गोष्टी विचारायच्या: जखम कोरडी आहे का, ताप आहे का, दुखणं वाढतंय का, मनाने काही गोळ्या चालू आहेत का? एवढ्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच साखर ताब्यात आणणं, रक्त वाढवणं, दात आणि त्वचेवरच्या जखमा बऱ्या करून घेणं आणि खर्रा-बिडी सोडणं यासाठी मागे लागा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला उशीर लागतो. आपल्या पोरांच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी हाही ऑपरेशनचा विषय आहे.

आणि "बाहेरचं झालंय", "नजर लागली", "मागच्या जन्माचं आहे" असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका. त्या माणसाला गाडीत बसवा आणि ज्या डॉक्टरने ऑपरेशन केलं त्याच्याकडे न्या. तिथे कुणी लक्ष देत नसेल तर सगळे कागद घेऊन दुसऱ्या सांधारोपण तज्ज्ञाचा सल्ला घ्या. जखमेचे मोबाइलवर रोज फोटो काढून ठेवा, तारखेसकट. डॉक्टरांना त्यातून खूप काही कळतं.

तो मुलगा आज चालतो. दोन टप्प्यांत उपचार झाले. मधले आठ महिने तो वॉकरवर होता. त्या काळात त्याच्या आईला आठवड्याचा किराणा वस्तीतल्या चार घरांनी आळीपाळीने दिला, म्हणून तो दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोहोचला. त्याचा एक पाय थोडा आखूड आहे. आता तो तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि वस्तीतल्या योजनेच्या फॉर्मच्या प्रती फुकट काढून देतो.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. शेजारच्या गावातल्या एका आत्याबाईंचा गुडघा बदललाय, सतरावा दिवस आहे, पट्टी ओली दिसतेय. "गोळ्या सुरू करू दिल्या नाहीत ताई," तो म्हणाला, "सकाळच्या गाडीने नागपूरला नेतोय."

जय भीम.